मच्छरांचं मशीन

बापानं आपल्याला कधी कडेवर घेतल्याचं प्रणयला आठवत नव्हतं. कडुबा काही वाईट माणूस नव्हता. पण लेकरं सांभाळणं बायकांचं, हे त्याच्या पिढीत इतकं ठरलेलं होतं, की कुणाला ते बोलूनही दाखवावं लागत नसे. म्हणून सुलेखाला दिवस गेले तेव्हाच प्रणयनं मनाशी पक्कं केलं, आपण तसं व्हायचं नाही. आणि यशोधरा जन्मली तसा तो खरोखरच बाप झाला. लंगोट बदलायचा, खांद्यावर टाकून ढेकर काढायचा, कामावर निघताना पोरीच्या टाळूचा वास घेऊन निघायचा.

वाळूजच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा माणूस, त्याचा भरवसाही मशीनवरच. पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत सारखं काहीतरी नवं येऊन पडू लागलं. आपोआप झुलणारा पाळणा, बाटल्या वाफवायचं भांडं, अंगाला न लावता ताप सांगणारं यंत्र. पोरगी कधी प्याली, कधी झोपली, सगळं मोबाईलवर. कंपनीतली पोरं त्याला 'दाई' म्हणून चिडवायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण मनातून ते नाव त्याला आवडायचं.

सुलेखाची रजा संपली. गारखेड्यातल्या पतसंस्थेत तिला परत हजर व्हायचं होतं. प्रणयनं गावाकडून आईला, मालनबाईला, आणलं. साल दुष्काळाचं होतं. विहिरीत खडखडाट, आणि कडुबा बैलजोडी घेऊन कन्नडजवळच्या चारा छावणीत जाऊन राहिलेला. मालनबाईचा पाय गावातून निघत नव्हता. "तुह्या बापाला भाकर कोण देईल रं?" ती म्हणाली. पण नातीचं तोंड पाहिलं आणि विरघळली.

ती आली त्याच आठवड्यात प्रणयनं पाळण्यावरच्या भिंतीत कॅमेरा ठोकला. पांढरा, वाटीएवढा, पोटात निळा दिवा. त्यातून दिसायचं, ऐकू यायचं, बटण दाबलं की इकडून बोलताही यायचं.

"हे काय बसवलंस रं?" मालनबाईनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर ती दिवसभर अंग चोरून वावरली असती. निदान प्रणयनं स्वतःची समजूत तशी घातली. "मच्छरांचं मशीन हाय," तो म्हणाला.

"बरं केलं बाबा. पोरीला लई फोडताती."

संध्याकाळी सुलेखानं विचारलं, "आईंना सांगितलं ना कॅमेऱ्याचं?" तर तो म्हणाला, "हो, सांगितलं." एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो फोन उघडून बसायचा. यशू हातपाय झाडताना दिसायची, आई भीमाचा पाळणा म्हणताना ऐकू यायची, आणि त्याचा घास गोड व्हायचा. पण माणूस एकटं असलं की लेकराशी बोलतं, आणि लेकराशी बोलता बोलता स्वतःशी. मालनबाई यशूला सगळं सांगायची. "तुहा आजा खोकतोय गं बाई. रातच्याला बसून राहतो म्हणं. शेजारच्या पारूबाईनं फोनवर सांगितलं, थुंकीत रगत पडतंय. म्या इथं तुला झुलविते, तिथं त्याला पाणी द्यायला कुणी नाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रणयचा हात ताटातच राहिला. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यानं विचारलं, "आई, गावाकडं बरं हाय ना सगळं?"

मालनबाई कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "बरं हाय. तू नको काळजी करू."

ते ऐकून त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. बापाला दवाखान्यात न्यायचं तर आई जाणार. आई गेली तर सुलेखाची नोकरी जाणार. छावणीतली धूळ आहे, पाऊस पडला की खोकला बसेल, असं त्यानं ठरवून टाकलं. पुढंही तो रोज ऐकत राहिला, आणि रोज संध्याकाळी आईनं 'बरं हाय' म्हटलं की ते खरं मानत राहिला.

मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एके दिवशी सकाळी यायचं ते दुपारी आलं, म्हणून यशूची अंघोळ लांबली. कंपनीच्या कँटीनमध्ये फकिरा नावाच्या जोडीदारानं प्रणयला गाठलं. त्याच्या बायकोलाही दिवस गेले होते. "दाखव की तुझा कॅमेरा. मलाबी घ्यायचाय." प्रणयनं मोठ्या कौतुकानं फोन टेबलावर उभा केला. चार-पाच जण गोळा झाले.

यशू चटईवर तेल लावून पडली होती. मालनबाई आतून उकळत्या पाण्याचं पातेलं सांडशीनं धरून येत होती, आणि चालता चालता बोलत होती. "तुही माय मला 'आई, आई' करती गं. पण जाताना कपाटाला कुलूप घालून जाती. मी काय चोर हाय व्हय? अन् तुहा बाप. त्याला दिसत नाय का..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रणयच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याचा अंगठा बटणावर कधी गेला ते त्यालाही कळलं नाही.

"आई! काय बोलतीस? लोकं ऐकायलेत!"

भिंतीतून आलेल्या त्या आवाजानं मालनबाई अशी दचकली, की सांडशी निसटली. पातेलं यशूच्या अंगावर कलंडत होतं. म्हातारीनं उघड्या हातांनी ते स्वतःकडं ओढलं. सगळं पाणी तिच्या दोन्ही पायांवर आलं. ती खाली बसली. तिनं आधी पोरीला हातानं चाचपलं. मग पोरगी रडली, आणि फोननं किणकिण करत सांगितलं, की बाळ रडत आहे.

प्रणय "आई, आई" करत राहिला. त्याचा प्रत्येक आवाज तिकडं भिंतीतून येत होता, आणि ती प्रत्येक वेळी वर बघून अंग आकसून घेत होती. शेवटी फकिरानंच फोन उपडा केला. "आरं, बायकोला फोन लाव आधी!"

सुलेखा जवळ होती, ती आधी पोचली. प्रणय थेट दवाखान्यात गेला. यशूला ओरखडाही नव्हता. मालनबाईचे पाय घोट्यांच्या वरपर्यंत सोलले होते, तळहातांवर फोड होते. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "माहाच हात घसरला. म्हातारपण हाय, साहेब."

प्रणय शेजारी उभा होता.

बाहेरच्या बाकावर सुलेखा त्याला हळूच म्हणाली, "आईंना आता झेपत नाही. पोरीवर पडलं असतं म्हणजे? बरं झालं कॅमेरा होता, तुम्हाला लगेच कळलं." आता सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं नुसती मान हलवली.

चार दिवसांनी मालनबाईनं पिशवी भरली. प्रणयनं छावणीपर्यंत जीप ठरवली, तिला उचलून आत बसवलं. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"पहिल्यापून दिसत व्हतं का रं तुला?"

"हो."

"ऐकूबी येत व्हतं?"

तो खाली बघत म्हणाला, "हो."

"कपाटाचं बोलले त्याचं वाईट नको वाटू देऊ. रागात बोलतं माणूस." ती जरा थांबली. "पर तुह्या बापाचं रगत पडतंय, ते म्या किती बारी सांगितलं पोरीला. ते बी ऐकलंस, अन् मला रोज इचारत राह्यलास, बरं हाय का म्हणून?"

सोबत येतो, असं प्रणय म्हणाला, तर तिनं हातानंच नको म्हटलं. ड्रायव्हर आला आणि जीप निघाली.

सुलेखानं बिनपगारी रजा टाकली. पुढच्या रविवारी प्रणय तिला आणि यशूला घेऊन छावणीवर गेला. जाताना मधमाशीसारखी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घोंघावत होती, बापाला आजच शहरात न्यायचं. कडुबा ताडपत्रीखाली आडवा पडला होता, निम्मा झालेला. पारूबाईच्या पोरानं त्याला कन्नडच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या.

"मला का नाही कळवलं?" प्रणयनं विचारलं.

"तू कामात असतोस," कडुबा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. नात जवळ आणली तर त्यानं तोंडावर उपरणं धरलं. "लांब ठिव लेकराला."

मालनबाईनं पट्ट्या बांधलेले पाय पसरून यशूला मांडीवर घेतलं. पोरगी आजीला ओळखून खिदळली, तिच्या तोंडाला हात लावू लागली, जणू बोल म्हणत होती. मालनबाईनं एकदा प्रणयकडं पाहिलं. मग पोरीच्या डोक्यावरून पदर ओढून ती नुसती मांडी हलवत राहिली. ते परत निघेपर्यंत ती नातीशी एक शब्दही बोलली नाही.