‘राउंड चालू आहे’चं परीक्षण

२००२ च्या जुलैत एका मराठी वाहिनीवर दर मंगळवारी संध्याकाळी ‘राउंड चालू आहे’ नावाची मालिका सुरू झाली. सरकारी दवाखान्यात नव्यानं लागलेले चार तरुण डॉक्टर, त्यांची धांदल आणि त्यांचे विनोद, असा विषय. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. सासू-सुनांच्या भांडणांतून सुटका झाली, असं एकानं लिहिलं. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या शनिवार पुरवणीत मात्र तिला झोडपून काढणारं परीक्षण आलं. ते शांभवी पट्टणशेट्टी यांनी लिहिलं होतं.

शांभवी मूळच्या जयसिंगपूरच्या, भुसार व्यापाऱ्याच्या घरातल्या. कोल्हापुरात एका कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि सहा वर्षांपासून त्या दैनिकात टीव्हीविषयी सदर लिहायच्या. लिहिणं मोजकं, सहसा आवाज न चढवणारं. या वेळी तो चढला होता. दुसऱ्या भागात एक म्हातारा शेवटच्या घटका मोजत असतो आणि दाराबाहेर दोन डॉक्टर मेसमधल्या आमटीवरून खिदळत असतात, असा प्रसंग होता. ‘मरणाऱ्याच्या दाराशी हसणारे डॉक्टर ज्यांना विनोदी वाटतात, त्यांनी एकदा त्या खाटेशेजारी बसून बघावं,’ असं त्यांनी लिहिलं.

वाचकांना ते पटलं. प्राचार्यांनी बोलावून अभिनंदन केलं. आठवडाभरात बरीच पत्रं आली, बहुतेक बाजूनं. एक मात्र विरोधात होतं. मंगळवार पेठेतल्या चिमणाबाईंनी ते सुनेकडून लिहून घेतलं होतं. एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात मावशी म्हणून काम केलं, डॉक्टर हसतात, तुम्ही चुकीचं लिहिलंय, असं त्यात होतं. मालिकेत खोटं आहे ते वेगळंच, ते तुमच्या ध्यानात आलं नाही, घरी आलात तर सांगते, असंही होतं.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी शांभवी पत्ता शोधत गेल्या. चिमणाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांनी आधी चहा पाजला, पण मालिका लागेपर्यंत पत्राचा विषय काढला नाही.

भाग सुरू झाला. मोठे डॉक्टर राउंडला आले म्हणून एक पोरगेला डॉक्टर चादरींच्या कपाटामागं लपला, तेव्हा चिमणाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आमच्यात एक असाच लपायचा, म्हणाल्या. पुढं फरशी पुसणारी एक मावशी बादलीत पाय अडकून पडली. मालिकेत मागून रेकॉर्डचा हशा वाजला. या वेळी चिमणाबाई हसल्या नाहीत. जाहिराती लागल्या तसा त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“तिचं नाव काय, सांगा बघू.”

शांभवींना सांगता आलं नाही. मालिकेत ते कुणी घेतलंच नव्हतं.

“चार भाग झालं. ‘ए मावशी’, न्हाईतर ही अशी पडती. डॉक्टरांच्या हसण्याला तुम्ही नावं ठेवली, हिच्याबद्दल एक ओळ न्हाई लिवली.”

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. गगनबावड्याकडून एक तापाचं बाळ उशिरा आणलं होतं, ते गेलं. ड्युटीवरचा डॉक्टर जेमतेम चोवीस वर्षांचा. तो बाहेर आला, सोबतच्या डॉक्टरनं काहीतरी फालतू म्हटलं आणि दोघं भिंतीला टेकून हसत सुटले. बाळाची आई समोरच बसली होती.

“मला बी राग आलता,” चिमणाबाई म्हणाल्या. “मग बघितलं तर ते पोरगं हसता हसता रडाय लागलं. पाणी दिलं मी. तोंड धुतलं आन् गेलं परत आत. शेजारच्या खाटंवर दुसरं लेकरू होतं की. ह्यानं घरी जाऊन कसं चाललं असतं?”

“पण त्या आईला काय वाटलं असेल?”

“तिला वाईटच वाटलं असणार. त्येबी खरंच हाय.”

मालिका पुन्हा सुरू झाली, पण दोघींचं तिकडं लक्ष नव्हतं. चिमणाबाईंनी विचारलं, “तुमच्या घरचं कोण गेलतं काय दवाखान्यात?”

शांभवींनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी वडील, भीमाप्पा, एका मोठ्या दवाखान्यात वारले. शेवटचा श्वास चालू असताना व्हरांड्यात शिकाऊ डॉक्टर कुठल्याशा क्रिकेटच्या सामन्यावरून हसत होते. आई खाटेच्या पलीकडच्या बाजूला होती. हे त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. सांगताना त्यांचा आवाज सरळ राहिला. चिमणाबाईंनी सांत्वन केलं नाही. एवढंच म्हणाल्या, मग ते बी लिवायला पायजे होतं.

शांभवींनी दुसरा लेख लिहिला. पहिल्या परीक्षणामागं त्यांचं स्वतःचं दुःख, वडिलांच्या खाटेशी ऐकलेलं ते हसणं, होतं आणि ते लपवून मालिकेला दोष देणं बरोबर नव्हतं, हे त्यात स्पष्ट मांडलं. ‘या मालिकेतलं हसू खरं आहे,’ असं लिहून पुढं विचारलं, की ज्यांच्यावर हसायचं ती माणसं मात्र बिननावाची का? संपादक नाराज झाले. परीक्षकानं मत फिरवलं की वाचकाचा विश्वास उडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी त्यांनी लेख छापला.

संपादकांची भीती खरी ठरली. पहिल्या परीक्षणाचं कौतुक करणाऱ्या वाचकांनीच आता, तुम्हाला वाहिनीनं विकत घेतलं का, असं विचारलं. त्यात पंधरवड्यानं वाहिनीच्या जाहिरातीत ‘या मालिकेतलं हसू खरं आहे’ हे वाक्य दैनिकाच्या नावासकट झळकलं. पुढचा प्रश्न त्यांनी गाळला होता. शांभवींनी निषेधाचं पत्र पाठवलं. त्याला वाहिनीचं उत्तर आलं नाही, मालिकेच्या लेखकाचं आलं.

लेखक, डॉ. रुद्रेश, पूर्वी स्वतः डॉक्टरकी करत होते. हसणं आम्ही जगलोय, ते मी बदलणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. बादलीचा प्रसंग दिग्दर्शकानं घातला आणि मी अडवला नाही, याची लाज वाटते. एकोणिसाव्या भागापासून मावशीला नाव आणि काम दिलंय. तसं ते खरोखर दिलं गेलं. तोवर प्रेक्षक आटले होते. मालिका सव्विसाव्या भागाला बंद झाली आणि वर्षअखेरीच्या आढाव्यात कुणीही तिचा उल्लेख केला नाही.

दुसरा लेख शनिवारी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, शांभवी एसटीनं जयसिंगपूरला गेल्या होत्या. आईनं, गौराबाईंनी, पुरवणी वाचून घडी घालून ठेवली होती. दोघी जेवल्या. भांडी आवरताना गौराबाई म्हणाल्या, “मला बी ऐकू आलतं गं ते.”

शांभवींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. “मग अव्वा, तू कधी बोलली का नाहीस?”

“तुला ऐकू गेलं नसंल, असं वाटलं मला. कशाला सांगायचं?”

दोघी स्वयंपाकघरातच बसल्या. मग गौराबाईंनी अप्पांच्या त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच सगळं विचारलं, आणि शांभवींनीही विचारलं. चहा दोनदा झाला. मुक्काम ठरलेला नव्हता, पण शांभवी राहिल्या. कॉलेजात रजा कळवून त्यांनी मंगळवारचा भाग आईबरोबर पाहिला.

गौराबाईंना मालिका आवडली नाही. डॉक्टरांनी केस फार वाढवलेत आणि सगळे एकदम बोलतात, असं त्यांचं मत पडलं. शांभवींनी ते कुठं छापलं नाही.