पुतळाकाकूंच्या जीपची चारही चाकं

मला ओळखलं नाहीत ना, मित्रांनो? साहजिकच आहे. मी जीपच्या पोटाखाली राहतो, तिथे वाकून बघतो कोण! मी आहे एक जुना ट्रान्सफर केस, म्हणजे तेल भरलेला भक्कम धातूचा डबा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून माझ्याकडे येते. एरवी ती मी नुसती मागच्या चाकांना देतो. ड्रायव्हरने माझा छोटा दांडा ओढला, की माझ्या आतली जाड साखळी पुढच्या चाकांनाही कामाला लावते. मग चारही चाकं मिळून गाडी ओढतात. बढाई मारत नाही, पण चिखलाच्या चढावर माझ्याशिवाय जीपचं पान हलत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा लख्ख होतो. आमची जीप घेतली तळोज्याजवळच्या गावातल्या पुतळाकाकूंनी. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि काकूंनी स्टिअरिंग धरलं. रोज सकाळी त्या डोंगरावरच्या वाडीत जातात आणि तिथल्या पोरांना खाली शाळेत आणतात. रस्ता कच्चा. पावसात दुसरी गाडी तिथे चढतच नाही. जीप येण्याआधी पोरं अख्खा पावसाळा घरी बसायची.

दसऱ्याला जीपच्या बॉनेटवर झेंडूचा हार पडायचा. माझं तेल बदलायची आठवण मात्र कुणाला व्हायची नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या मे महिन्यात काकूंच्या थोरल्या पुतण्याचं लग्न निघालं. वरातीला जीप चालवणार होता धाकटा पुतण्या मिथुन. हौशी गडी! त्याने मागे दोन नवे, रुंद आणि उंच टायर बसवले. पुढचे जुनेच ठेवले. वरातीत सिमेंटच्या रस्त्यावर माझा दांडा ओढला. कुणीतरी विचारलं, "अरे, इथं फोर बाय फोर कशाला?"

"दादाची वरात हाय! चारी चाकांनी ओढली पायजे, नायतर मान काय रायला?"

पुढे बँड, बायका नाचतायत, आणि हा पठ्ठ्या चौकाचौकात जीप गोल फिरवून दाखवतोय. मित्रांनो, गाडी वळते तेव्हा पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक जरासं घसरतं आणि निभावून जातं. कोरड्या सिमेंटवर ते घसरत नाही, सगळा ताण माझ्या साखळीवर येतो. त्यात मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी! मी कट कट ओरडत होतो. पण बँडपुढे माझं कोण ऐकणार? जीव मेटाकुटीला आला.

लग्नानंतर काकू रस्ता बघायला एकट्याच वाडीला निघाल्या. चढावर त्यांनी दांडा ओढला आणि माझी ताणलेली साखळी आतल्या दातेरी चाकावरून निसटली. जीप मागे घसरायला लागली. काकूंनी करकचून ब्रेक दाबला. मग हळूहळू मागे घेत त्यांनी जीप खाली आणली. शाळा उघडायला फार दिवस उरले नव्हते.

कळंबोलीच्या गॅरेजमध्ये मला जीपखालून उतरवलं. मिथुन म्हणाला, "काकू, पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून टाकू, मागचा थेट गिअरबॉक्सला जोडू. गाडी दोन चाकांवर पन चालते. हा डबा दे भंगारात."

भंगारात! असा राग आला म्हणून सांगू!

काकू त्याच्यावर उखडल्या. "तुजं काय जातंय बोलायला? दोन चाकांवर वाडीची पोरं आनशील तू? या वर्षी ती घरी नाय बसनार, सांगून ठेवते!"

गॅरेज शुभदाचं. तिने माझा नट सोडला, तर काळंकुट्ट तेल आलं आणि त्यात लोखंडाचा कीस. तिने बेरिंग फिरवून पाहिलं, साखळी ताणून पाहिली. "काकू, केस वाचेल. साखळी आणि बेरिंग नवीन टाकू. पण मागचे टायर कोणी बसवले? चारी टायर एका मापाचे पाहिजेत, नाहीतर नवीन साखळीचीपण वाट लागेल."

काकूंनी मिथुनकडे बोट दाखवलं.

"पाना घे आनि काढ," काकू म्हणाल्या. त्याने नवे काढून जुने परत बसवले.

पहिली आलेली साखळी जरा सैल बसत होती. "चालून जाईल ना," मिथुन पुटपुटला.

"चालून नाही, चढून गेलं पाहिजे. वर पोरं बसणारेत," शुभदा म्हणाली आणि तिने साखळी परत पाठवली. बरोबर मापाची येईपर्यंत ती हटली नाही. मग मला धुतलं, तेल गळू नये म्हणून नवे सील लावले, ताजं तेल भरलं. किती दिवसांनी बरं वाटलं मला!

शाळा उघडली त्या सकाळी चिखल झाला होता. शुभदाही जीपमध्ये बसली, मागे मिथुन. "वाडीत पोचेपर्यंत काम झालं असं मी म्हणणार नाही." काकूंनी दांडा ओढला. शेवटच्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी मनाशी म्हटलं, काही झालं तरी साखळी सोडायची नाही. सगळा जोर पुढे लावला. पुढच्या चाकांनी मुरूम घट्ट धरला, आणि जीप वर आली. दप्तरं घेतलेली पोरं जीपकडे धावत सुटली.

खाली सिमेंटचा रस्ता लागताच मागे बसलेला मिथुन ओरडला, "काकू, दांडा पुढे ढकल!" काकूंनी ढकलला. मित्रांनो, एवढंच तर मागणं आहे माझं. चिखलात मला हक्काने राबवा, कोरड्या रस्त्यावर मोकळं सोडा, चारी टायर एका मापाचे ठेवा आणि अधूनमधून माझं तेल बघा. मी काम टाळणारा नाही.

शाळेच्या दारात वाडीतली छोटी अबोली उतरली, पण दप्तर सावरत तिथेच थांबली. "काकू, उद्या पन येशील ना?"

"येनार. उद्या पन आनि परवा पन."

काकूंनी तिला शब्द दिला. तो पाळायचा आहे मला.