ओट्सच्या बरणीवर आलेला आळ

मी बरणी बोलतेय. काचेची, लाल झाकणाची, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरची. एवढ्या उंचीवर या घरात दोनच गोष्टी राहतात. लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला टी-सेट, आणि मी. तो शोभेसाठी, मी सुरक्षेसाठी.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. तिथली भट्टी इतकी तापायची, की भर दुपारी सूर्य दारात येऊन "जरा सावली मिळेल का?" असं विचारायचा. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

तिथून मी आले एका बेकरीच्या काउंटरवर. बेकरीवाल्याला सगळा रस्ता बिस्किटमामा म्हणायचा. नाक असं तिखट, की गल्लीच्या टोकाला दाढी करायला बसलेले मामा फेसाळल्या तोंडानं ओरडायचे, "ट्रे काढा रे, करपतोय!" आणि खरंच करपत असायचा. माझ्यात लोण्याची बिस्किटं असत. सभ्य माणसं "चवीला एकच घेतो हं" म्हणत मूठ भरून घेत. माणसांचा 'एक' मला अजून उमगलेला नाही.

मग मामांचं पोट बिघडलं, ते बिघडलेलंच राहिलं. माणूस इतका वाळला, की पँट माणसाला सोडून पट्ट्याच्या आधारानं जगू लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आतडं तपासलं आणि निकाल दिला. गव्हातलं ग्लूटेन यांना सोसत नाही. यापुढे गहू नाही, मैदा नाही, पावाचा चुरासुद्धा नाही.

बेकरीवाल्याला हे पथ्य! म्हणजे गवंड्यानं विटेला हात लावायचा नाही.

"ओट्स चालतील," बाई म्हणाल्या, "पण ग्लूटेनमुक्त असं छापलेलेच, आणि बेतानं. तरीही त्रास थांबला नाही, तर बेकरी सोडावी लागेल. तिथल्या हवेतच पीठ आहे."

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. ज्याला भट्टीच्या वासाशिवाय झोप लागत नाही, तो बेकरी सोडून जाणार कुठं?

ओट्स आले. काय ते खानदान! वेगळ्या शेतात वाढलेले, वेगळ्या गिरणीत गेलेले, जन्मात गव्हाचं तोंड न पाहिलेले. त्यांच्यासाठी मला बेकरीतून घरी आणून उकळत्या पाण्यानं एवढं घासलं, की मीच मला ओळखेना. वेगळा ट्रे आला, वेगळं लाटणं, वेगळी घासणी. बेकरीतलं पिठाचं काम धाकट्या भावाकडे गेलं आणि मामा मास्क लावून गल्ल्यावर बसू लागले.

मामांची थोरली बहीण, आक्का, मुद्दाम बघायला आली. माझं झाकण उघडून तिनं नाक मुरडलं. "हे तर घोड्याचं खाणं! खाऊन झाल्यावर तू बोलणार की खिंकाळणार?"

"आक्का, तू तर न खाताच खिंकाळतेस," मामा म्हणाले.

दुधात शिजवलेले ओट्स मामांना रोज सकाळी मुकाट पचायचे. रविवारी मात्र हातांना चैन पडेना. लोणी, साखर आणि माझ्यातल्या ओट्सचं पीठ घेऊन त्यांनी बिस्किटं केली. चहात बुडवून पहिलं तोंडात टाकलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. सोमवारी ते पुन्हा भरून आले, पण पोट धरून.

दर रविवारी बिस्किटं, दर सोमवारी कळा. आळ कुणावर? माझ्यावर!

"अहो, हे ओट्सच बाधतायत. ओतून टाकते सगळे," मामी म्हणाल्या.

तेच ओट्स बाकीचे दिवस कसे पचत होते, हे कुणी विचारलं नाही. मामांनी बेकरीच्या किल्ल्या भावापुढे ठेवल्या. "पुढच्या महिन्यापासून तूच बघ." भाऊ किल्ल्यांना हात लावेना. त्या तशाच टेबलावर पडून राहिल्या.

"शेवटचा घाणा करतो, मग दे फेकून," मामा मामींना म्हणाले. आक्का समोर खुर्ची टाकून बसली. दुसऱ्याच्या कामावर लक्ष ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

मामा लाटायला लागले. ओट्सचा गोळा चिकटू लागला. तसा त्यांचा डावा हात ओट्याच्या कोपऱ्याकडे गेला, छोट्या डबीत शिरला आणि चिमूटभर पिठी पोळपाटावर भुरभुरवून परत आला. मामींची मैद्याची पिठी! हे मी दर रविवारी वरून बघत होते. ओरडणार कशी? काच एकदाच ओरडते, फुटताना. एवढी हौस मला नव्हती.

"अरे, ते काय टाकलंस?" आक्का उठलीच.

"कुठं काय?"

"आत्ता, पोळपाटावर!"

"मी काही नाही टाकलं."

"मग बोटं कशानं पांढरी झाली, म्हातारपणानं?"

मामांनी बोटांकडे बघितलं. दुसऱ्या कुणाची असावीत तसं बघितलं. "आक्का, शप्पथ सांगतो… मला कळलंच नाही गं."

मामींनी कपाळावर हात मारला. "सगळं घर घासलं हो मी. तुमचा हात तेवढा घासायचा राहिला!"

जन्मभराची सवय रागावून जात नाही. मामींनी मैदा घराबाहेर काढला, पोळपाट नवा आणला, डबी उकळून घेतली आणि तिच्यात ओट्सचंच बारीक पीठ भरलं. डबी मात्र त्याच कोपऱ्यात ठेवली. आता तो डावा हात बिनदिक्कत जातो, भुरभुरवतो, परत येतो. सोमवार शांत जातात. पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई हसल्या आणि टेबलावरच्या किल्ल्या पुन्हा मामांच्या खिशात खुळखुळू लागल्या.

माझी माफी? छे! कुणी मागितली नाही. फळी मात्र वरचीच राहिली.

एक विनंती आहे. पोट दुखलं की बरणीकडे बोट दाखवण्याआधी ते बोट आधी कुठं जाऊन आलंय, तेवढं बघत जा. हे बघा, आक्का आली. हातात अर्धा पाव, बोटांना चुरा, आणि "घोड्याचं खाणं" चवीला एकच घ्यायला स्टुलावर चढतेय.

"आक्का, हात धू!" आतल्या खोलीतून मामा ओरडले.

नाक अजून शाबूत आहे.