भाड्याचं मशीन

"हात लावू नकोस त्याला," ताई म्हणाली.

फिटरने पाना खाली ठेवला. ट्रकवरचे हमाल दारातच थबकले. पत्र्याची झाकणं कापणारं ते मशीन फिटरनेच ताईच्या पुढच्या खोलीत बसवलं होतं. यंत्रं भाड्याने देणारी कंपनी आली आणि बघता बघता कारखान्यातली कामं घराघरांत शिरली. ज्यांना धड स्टूल विकत घेणं जमलं नसतं, त्यांच्याकडेही मशीन आलं. फिटरला उसंत म्हणून राहिली नाही. आधी बसवायला धावायचं, मग काढून आणायला.

दाजी खाटेवर बसून होते. उजव्या हाताचा अंगठा तेवढा उरला होता. बाकीची बोटं मशीनने नेली होती. काम थांबलं, तसं कंपनीने मशीन परत मागवलं. परक्याने येऊन उचलण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, म्हणून फिटर स्वतः आला होता.

"मी चालवीन ना," ताई म्हणाली. "सांग तुझ्या साहेबाला."

"अगं ताई, ज्यानं दाजींचा हात खाल्ला..."

"आणि आम्ही काय खायचं? तुझी माया?"

त्याने फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाला, "करार तिच्या नवऱ्याशी होता. पुढची पार्टी तयार आहे. आजच बसव."

फिटरला ताईकडे बघवेना. काही सांगावं लागलं नाही. ती भिंतीला लागून उभी राहिली.

दाजी उठले. "मागचा बोल्ट अडतो. खालून सोडव," म्हणत त्यांनी डावा खांदा मशीनला लावला. मशीन ट्रकमध्ये चढेपर्यंत तो काढला नाही.

नव्या घरातल्या नवरा-बायकोने खाट अंगणात काढून खोली मोकळी केली होती. फिटरने मशीन बसवलं, चालवून दाखवलं.

"चांगलं आहे ना हो?" बाईने विचारलं.

"मशीन चांगलंय. पुढे जाळी हवी, ती कंपनी देत नाही. हात सांभाळा."

नवरा हसला. "मशीनला ओरखडा पडू देऊ नका, एवढंच बजावलंय त्यांनी. हाताचं तुम्हीच पहिले बोललात!"

फिटर हसला नाही. त्याने त्या माणसाचं मनगट धरलं आणि बोटं कुठवर न्यायची ते दाखवलं. पुन्हा दाखवलं.

"कळलं हो, कळलं," माणूस म्हणाला.

तरी फिटरने हात सोडला नाही.