गळ्यात दुसऱ्याची पाटी

मित्रांनो, जिन्याखालच्या कपाटात झाडू, फुटकी बादली आणि रंगाचे वाळलेले डबे यांच्या पंगतीला बसलेला जो जुना वीजमीटर असतो ना, तो मी. माझ्या पोटात एक चकती आहे. घरात वीज वापरली की ती फिरते आणि वरचे आकडे पुढे सरकतात. ऐन तारुण्यात माझी चकती अशी फिरायची की समोरच्या भिंतीवरची पाल नुसती बघून गरगरायची आणि बदकन खाली पडायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा. ती आता हयात नाही, हा भाग वेगळा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आमची पारख होई. ज्याचं माप चुकलं त्याची रवानगी भंगारात. मी पास झालो, पोटाला शिशाचं सील लागलं आणि बजावण्यात आलं की, जेवढी वीज वाहील तेवढीच मोजायची, रतीभर इकडे नाही की तिकडे नाही. तो शब्द मी आजवर पाळला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही मलाच नावं ठेवाल.

ज्या इमारतीत मला बसवलं ती अगदी लहान. खाली कुलूप लागलेलं दुकान, वर जिन्याच्या दोन्ही अंगांना एकेक घर. कपाटात आम्ही दोघंच, मी आणि माझ्याच साच्यातून निघालेला माझा भाऊ. वायरमनने तारा जोडल्या आणि जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून खाली बघत पाट्या रंगवणाऱ्याला सांगितलं, "पहिला मीटर डाव्या घराचा, दुसरा उजव्या घराचा." रंगारी खालच्या पायरीवर, वर तोंड करून उभा. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. पण दोघांनाही आपापला डावा हात ठाऊक होता, म्हणून कोणीच काही विचारलं नाही. रंगाऱ्याने दोन पाट्या रंगवल्या, चहा घेतला आणि गेला. झालं. जिना चढताना जे घर उजव्या हाताला लागतं त्याची वीज मी मोजू लागलो आणि गळ्यात पाटी मिरवू लागलो डाव्या घराची.

बरीच वर्षं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. उजवीकडे एक म्हातारं जोडपं होतं. दिवा लावायचा तर आधी एकमेकांची परवानगी घेत. डावीकडे शिवणकाम करणारी मावशी एकटी राहत होती. दोन्ही घरं सारखीच काटकसरी, त्यामुळे बिलंही जुळी.

मावशी पाटी वाचून मला आपला समजायची. आठवड्यातून एकदा चिंधी घेऊन खाली यायची, माझी काच लख्ख पुसायची आणि म्हणायची, "काय रे, दमलास? तुझं बरं आहे बाबा, बसल्या जागी फिरतोस." भावाच्या तोंडावर मात्र कोळी जाळं विणत बसायचा. मला फार ऐट यायची. मित्रांनो, दुसऱ्याच्या नावावर मिळालेलं प्रेमसुद्धा अंगाला गोडच लागतं.

पुढे म्हातारं जोडपं मुलीकडे राहायला गेलं आणि उजव्या घरात केकवाली आली. बरोबर दोन इलेक्ट्रिक ओव्हन, एक मोठा फ्रिज आणि घों घों करणारं यंत्र. बाई कामाला वाघ होती. सकाळी ओव्हन लागले की माझी चकती अशी सुटायची की कपाटाचं दार आपोआप उघडायचं आणि झाडू लांब सरकून बसायचा.

त्या महिन्याचं बिल बघून मावशी पायरीवर बसलीच. तक्रार केली तेव्हा तपासनीस आला. त्याने मला आपलं यंत्र लावलं, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, मीटर सोन्यासारखा आहे. इतका चोख मीटर मी नोकरीत पाहिला नाही."

"मग माझ्या घरात वीज खातंय कोण?"

"ते तुम्ही घरात बघा. आमचं काम मीटरपर्यंत."

आयुष्यात माझी एवढी तारीफ कधी झाली नव्हती, आणि ती ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीने फ्रिज विकला. इस्त्री कोळशाची आणली. शेवटी शिलाई मशीनची मोटरही काढून टाकली आणि पायाने मशीन मारू लागली. गुडघे सुजले. जिना उतरताना कठड्याला धरून उतरायची, पण मला पुसायला यायचीच. "आता तरी हळू फिर रे," म्हणायची. वर ओव्हनमध्ये केक फुगत असायचा आणि तिच्या डोळ्यांदेखत मी गरागरा फिरत असायचो. माझ्याकडे तेव्हा ती ज्या नजरेने बघायची, ती नजर मी कोणत्या आकड्यात मांडू? पोटचं पोर उलटावं तशी बघायची.

मग एका दुपारी केकवालीचा ओव्हन बिघडला. दुरुस्तीवाला वरून म्हणाला, "ताई, खालचं मेन बंद करा." केकवाली आली आणि तिने आपल्या पाटीचं, म्हणजे माझ्या भावाचं, बटण खाली केलं.

"अजून चालू आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. आणि डाव्या घरातून मावशीचा आवाज आला, "अगंबाई, रेडिओ बंद पडला. वीज गेली का गं?"

केकवालीने भावाचं बटण वर केलं, माझं खाली केलं. "हां, आता गेली," दुरुस्तीवाला म्हणाला. वर रेडिओ पुन्हा बोलू लागला.

बाई हुशार. तिने एकदा माझ्या पाटीकडे पाहिलं, एकदा भावाच्या. चेहऱ्यावर सगळा हिशेब उमटला. मला वाटलं, सुटलो. आता ही धावत वर जाणार. ती वर गेली खरी, पण हळूहळू, प्रत्येक पायरीवर विचार करत. त्या संध्याकाळी तिने मावशीच्या दारात केकचा मोठा तुकडा नेला. त्यानंतर बिल आलं की केकही यायचा. मावशी मला पुसताना सांगायची, "शेजारीण मिळावी तर अशी. पाठच्या बहिणीसारखा जीव लावते." माझ्या पोटात चकतीऐवजी जीभ असती तर त्या दिवशी इमारत हादरली असती.

बिलं थकत गेली आणि एक दिवस वायरमन वीज तोडायला आला. मावशी त्याच्यामागोमाग लंगडत खाली आली.

"दोन दिवस थांब रे. लग्नाचे कपडे शिवायला घेतलेत, ते दिले की भरते. दिवा गेला तर शिवू कशी? आणि शिवलं नाही तर खाऊ काय?"

"मावशी, माझ्या हातात असतं तर थांबलो असतो. वरून कागद आलाय," असं म्हणून त्याने माझा फ्यूज उपसून काढला.

क्षणभर सगळं शांत झालं. नाही, सगळं नाही. वर मावशीचा रेडिओ भावगीत गात होता, तो गातच राहिला. आणि उजवं दार धाडकन उघडलं. हातात ओव्हनचे जाड मोजे घातलेली केकवाली दोन-दोन पायऱ्या उतरत आली.

"अहो, फ्यूज कोणी काढला? आत तीन मजली केक आहे माझा. बसला तर कोण भरून देणार?"

"तुमचा नाही काढला बाई. या मावशींचा काढलाय. पाटी बघा."

"पाटी घाला चुलीत. हा मीटर माझाच आहे, मला माहितीये ना. आधी लावा तो—"

आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मावशी वर बघत रेडिओ ऐकत होती. मग वळून अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कधीपासून माहितीये गं?"

"ताई, मी सांगणारच होते. रोज म्हणायचे, आज सांगते."

"केक घेऊन यायचीस, तेव्हा सांगणार होतीस का?"

केकवाली हातातले मोजे ओढून काढू लागली. वायरमननेही उगाच पकड पुसायला घेतली.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. तारा तपासल्या, दोन्ही बिलं नव्याने काढली, मावशीचे जास्तीचे पैसे परत आले आणि केकवालीला तिचं सगळं मागचं भरावं लागलं. कचेरीत सगळ्याची दुरुस्ती झाली. गुडघ्यांची करायला तिथे खिडकी नव्हती. वरची दोन्ही दारं पूर्वी दिवसभर उघडी असायची. आता बंद असतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्या पाटीवर भरवसा ठेवू नका. नव्या घरात राहायला गेलात की एकदा घरातलं सगळं बंद करा आणि खाली येऊन बघा, कोणाची चकती थांबली. थांबली तर तो तुमचा. आणि शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर फिरतोय हे आधी तुम्हाला कळलं, तर केक नेऊ नका. नुसतं सांगा.

पाट्या बदलल्या त्याच आठवड्यात मावशी चिंधी घेऊन खाली आली. तिने भावाच्या तोंडावरचं जाळं काढलं, काच पुसली, "इतकी वर्षं तूच होतास होय रे?" म्हणाली. मग तिचा हात सवयीने माझ्याकडे आला. वर ओव्हन लागलेले होते, मी फिरत होतो. हात काचेपाशी थांबला. तिने चिंधी झटकली, घडी घातली आणि कठडा धरून वर निघून गेली.