कॉलरच्या आतला नंबर

व्यापारी संघाचे चिटणीस सामाजिक जबाबदारीचा फॉर्म घेऊन आले, तेव्हा शिंप्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेजारचे विसरभोळे मास्तर सकाळपासून बेपत्ता होते आणि त्यांची सून दुकानातच रडत बसली होती.

"समाजासाठी काय करता? निदान झाड लावतानाचा फोटो?"

"इथे माणूस मावत नाही साहेब, झाड कुठे लावू? कपडे शिवतो, झालं."

तेवढ्यात फोन वाजला. "बाजारात एक आजोबा भेटलेत. कॉलरच्या आत हा नंबर शिवलाय."

शिंप्याचा जीव भांड्यात पडला. गल्लीतल्या प्रत्येक विसरभोळ्याच्या कॉलरमध्ये तो न विचारताच दुकानाचा नंबर शिवायचा.

"काका, तुमचे उपकार..."

"ते राहू दे गं, आधी त्यांना आणू. चिटणीस, गाडी काढा!"

समाजसेवेचा असा थेट हुकूम चिटणिसांना प्रथमच मिळाला होता. ते गाडीची किल्ली काढत उठले.