दीक्षाचं मधलं नाव

माल कुणाचा आणि कागद कुणाच्या नावावर, हे विचारण्यात शिवराम तांबे यांचं न्हावा शेवा बंदरात सगळं आयुष्य गेलं. क्लिअरिंग एजंटच्या कंपनीत तीच त्यांची नोकरी. त्यामुळे मुलगी कुणाची, असं कंपनीने त्यांनाच विचारलं तेव्हा रागवायची सोय नव्हती.

विचारलं अकाउंट्सच्या नमिताने. जानेवारी चालू होता. वर्षभर वाचवलेला टॅक्स आपण खरोखरच वाचवला होता, हे पगारदार माणसाने या महिन्यात सिद्ध करायचं असतं. शिवराम दरवर्षी दोन मुलांच्या फीच्या पावत्या जोडत. आकाश सानपाड्यात जन्मला, दीक्षा महाडहून एसटीने आली. ती त्यांच्या धाकट्या भावाची, यशवंतची. चौथीनंतर शिकायला आणली, आता बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुंबईकडे ज्याला नोकरी लागेल त्याच्याकडे गावचं एक पोर, असा तांब्यांच्या घरचा कायदा होता. तो आयकर खात्याला कळवायचा राहून गेला होता.

आजवर पावतीवर नुसतं ‘दीक्षा तांबे’ असायचं. यंदा नव्या ऑडिटरने कॉलेजचं बोनाफाइड मागवलं आणि त्यावर मधलं नावही आलं.

“तांबेकाका, हे यशवंत कोण?”

“भाऊ माझा.”

“मग मुलगी त्यांची ना?”

“नावाने त्याची.”

“दत्तक घेतलीत?”

“बारा वर्षं घरातच आहे. आणखी कुठून घ्यायची?”

नमिताने कपाळ दाबलं. “काका, फीची सवलत स्वतःच्याच मुलांना. पुतणीला नाही.”

“पण फी मी भरतो.”

“मान्य आहे. पण तुम्ही तिचे वडील नाही.”

“आणि जो वडील आहे त्याला टॅक्सच नाही. त्याची भातशेती आहे.”

“मग सवलत त्यांनी घ्यायची,” नमिता म्हणाली. तिचा नाइलाज होता. हसू आलं ते तिने खोकल्यात घातलं.

सवलत गेली म्हणजे कापायचा राहिलेला टॅक्स उरलेल्या दोन पगारांतून जाणार. फेब्रुवारीचा पगार तर दीक्षाच्या शेवटच्या हप्त्यासाठी आधीच लावून ठेवलेला. हप्ता मार्चच्या पहिल्या शनिवारपर्यंत भरला नाही तर हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नाही तर परीक्षा नाही. पतपेढीकडे आकाशच्या ॲडमिशनच्या वेळचं कर्ज अजून चालू होतं. दुर्गाबाईंच्या, म्हणजे बायकोच्या, बांगड्या गेल्या सेमिस्टरलाच गेल्या होत्या. शिवरामांनी डोळ्यांपुढे घरातल्या सगळ्या वस्तू एकदा आणून पाहिल्या. घेणारा भेटेल अशी एकही दिसेना.

त्यांनी जिन्यात जाऊन गावी फोन लावला.

“यशा, दीक्षाचा बाप कोण, असं विचारतायत.”

“तूच की, दादा.” यशवंत शेतावर होता, वाऱ्यात ओरडत होता. “माझं निस्तं नाव हाय. सांग त्यांना, मी लिवून देतो.”

“तसं चालत नाही रे.”

“का नाय चालत? भाऊ-भाऊ आपण. सरकारचं काय जातंय?”

सरकारचं काय जातं याचा बरोबर आकडा नमिताकडे होता. शिवराम तो ऐकून आले होते. त्यांनी फोन ठेवला.

परत आले तेव्हा नमिताने आवाज खाली आणला. “एक होऊ शकतं. कंपनीकडून पगाराची उचल घ्या, मी साहेबांना सांगते. पण आधी हा क्लेम मागे घ्या. ऑडिटर म्हणतोय लेखी पाहिजे, नाहीतर तो मागची वर्षं पण उघडेल. मग उचल विसरा, नोकरीचंच टेन्शन.”

“काय लिहू?”

“‘सदर विद्यार्थिनी माझी मुलगी नाही.’ खाली सही.”

शिवरामांनी पेन घेतलं. ‘सदर विद्यार्थिनी’ इथपर्यंत अक्षर छान आलं. मग हात थांबला तो थांबलाच. मागे लोक विम्याच्या पावत्या घेऊन उभे होते; एकाने विचारलं, “काका, झोपलात काय?”

त्यांनी दीक्षाला फोन लावला आणि ते वाक्य वाचून दाखवलं.

पलीकडे लॅबमध्ये नळ चालू होता. तो बंद झाला.

“लिहा ना, पप्पा,” दीक्षा म्हणाली. “कागदच आहे तो.” मग म्हणाली, “मला नका पाठवू त्याचा फोटो.”

त्यांनी लिहिलं. सही केली. नमिताने शिक्का मारून कागद फायलीला लावला आणि उचलीचा फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात शिवरामांनी लिहिलं: मुलीची फी.

नमिताने ते वाचलं आणि हळूच खोडलं.

“काका, आत्ताच लिहून दिलंत ना? उचल मुलांच्या शिक्षणाला मिळते. तुमच्या मुलीला मिळाली असती. हिला नाही.”

“मग कशाला मिळते?”

“स्वतःचं लग्न, घरदुरुस्ती, आजारपण.”

लग्न झालेलं होतं. घर भाड्याचं होतं.

“आजारपण लिही,” शिवराम म्हणाले.

“कसलं लिहू?”

“छातीत दुखतंय लिही.”

नमिताने लिहायला घेतलं. अर्ध्यावर मान वर करून तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“काका, खरंच दुखतंय का?”

“तू लिही आधी,” शिवराम म्हणाले. “साहेब जेवायला जातील.”